हरलेल्याला हिशेब मिळाला पाहिजे

मागच्या उन्हाळ्यातली एक रविवारची सकाळ. नागपुरात, झिंगाबाई टाकळीच्या आमच्या घरात कूलर घरघरत होता आणि टीव्हीचा आवाज मुद्दाम बंद ठेवला होता. समोर बसलो होतो आम्ही पाच जण: मी, माझी भाची, तिच्याबरोबर बॉक्सिंगचा सराव करणाऱ्या दोन मुली आणि त्यांचे सर. प्रत्येकाच्या हातात कागदाच्या बारा चिठ्ठ्या. राऊंड संपला की लाल कोपऱ्याला किती, निळ्याला किती ते लिहायचं, चिठ्ठी दुमडून स्टीलच्या डब्यात टाकायची आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही, असा सरांचा नियम होता.

लढत होती 6 एप्रिल 1987 ची, लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमधली. एका बाजूला मार्व्हिन हॅग्लर. 1976 नंतर तो एकदाही हरला नव्हता आणि 1980 पासून मिडलवेटचा विजेता होता. दुसऱ्या बाजूला शुगर रे लिओनार्ड. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत तो फक्त एकदा रिंगमध्ये उतरला होता, तोही 1984 मध्ये, आणि आता थेट वरच्या वजनगटात हॅग्लरसमोर उभा होता. लढत पंधराऐवजी बारा राऊंडची असावी, रिंग मोठी असावी, या लिओनार्डच्या अटी हॅग्लरने मान्य केल्या आणि त्याबदल्यात जास्त पैसे घेतले. डावखुऱ्या पवित्र्यात लढणाऱ्या या माणसाने सुरुवातीचे काही राऊंड उजव्या पवित्र्यात का घालवले, याचं कोडं बॉक्सिंगवाल्यांना आजही सुटलेलं नाही. लिओनार्ड फिरत राहिला आणि राऊंडचे शेवटचे तीस सेकंद आले की ठोशांची सर सोडायची, हे त्याने ठरवूनच केलं. जजच्या मनात शेवटचं चित्र राहतं हे त्याला माहीत होतं.

बारा राऊंड झाले आणि डबा उघडला. दोघींनी लिओनार्डला जिंकवलं होतं, तिसरीने आणि मी हॅग्लरला. सरांची बेरीज 114-114.

त्या रात्री व्हेगासमध्येही असंच झालं होतं. लू फिलिपो यांनी 115-113 हॅग्लर दिलं, डेव्ह मोरेट्टी यांनी 115-113 लिओनार्ड, आणि तिसरे जज जोजो ग्वेरा यांनी 118-110 लिओनार्ड. लिओनार्ड जिंकला. हॅग्लर त्यानंतर पुन्हा कधीच लढला नाही. तो इटलीला गेला आणि 2021 मध्ये वारला, तोवर आपण जिंकलो होतो हेच तो सांगत राहिला.

हे आकडे नुसते वाचून सोडून देऊ नका, कारण माझं सगळं म्हणणं त्यांच्यात आहे. राऊंड जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला 9 मिळतात. खाली पाडलं तर हरणाऱ्याचा आणखी एक गुण जातो, पण त्या रात्री कुणी पडलं नाही. म्हणजे 115-113 याचा अर्थ सात राऊंड एकाला आणि पाच दुसऱ्याला. फिलिपो आणि मोरेट्टी यांचे निकाल एकमेकांच्या उलट आहेत, तरी त्यांच्या बेरजांत फरक आहे तो फक्त दोन राऊंडचा. रिंगच्या दोन वेगळ्या बाजूंना बसलेली दोन प्रामाणिक माणसं दोन राऊंड वेगळे पाहू शकतात. एकाच्या नजरेसमोर हॅग्लरची पाठ येते, दुसऱ्याला त्याच क्षणी ठोसा बरगडीत बसलेला दिसतो. मला त्यात काही खटकत नाही. खटकतो तो तिसरा आकडा. 118-110 म्हणजे दहा राऊंड एकाला आणि दोनच दुसऱ्याला. फिलिपो यांच्या आणि ग्वेरा यांच्या कागदांत किमान पाच राऊंडचा फरक आहे. अर्ध्याच्या जवळपास लढत दोघांनी वेगळी पाहिली. असं कसं झालं याचा राऊंडनिहाय खुलासा त्या तिसऱ्या खुर्चीने हॅग्लरला करावा, अशी व्यवस्था तेव्हा नव्हती.

तीस वर्षांनी, 16 सप्टेंबर 2017 ला, त्याच शहरात गेनाडी गोलोव्किन आणि कानेलो अल्वारेझ लढले. डेव्ह मोरेट्टी तिथेही जज होते आणि त्यांनी 115-113 गोलोव्किन दिलं. डॉन ट्रेला यांनी 114-114. आणि ॲडलेड बर्ड यांनी 118-110 कानेलो. पुन्हा तोच आकडा, पुन्हा पाच राऊंडचा फरक, निकाल बरोबरीचा. आरडाओरडा एवढा झाला की बर्ड यांना काही काळ मोठ्या लढतींपासून बाजूला ठेवलं गेलं. जजला बाजूला ठेवलं म्हणजे न्याय झाला, असं मला वाटत नाही. गोलोव्किनला हवी होती ती उत्तरं. चौथा राऊंड कुणाला दिला आणि का, सातवा का?

मी या विषयावर लिहायला बसलो त्याचं कारण मात्र व्हेगासमध्ये नाही, इथेच आहे. दोन वर्षांपूर्वी भाची एका स्पर्धेत उपांत्य फेरीत 3-2 ने हरली, म्हणजे पाचपैकी तीन जज तिच्या विरुद्ध गेले. स्पर्धेचं नाव महत्त्वाचं नाही. तीन राऊंडची बाउट. पहिला तिने गमावला हे तिला स्वतःलाही मान्य होतं. दुसरा आणि तिसरा आपला, असं तिला वाटत होतं. रेफरीने दुसऱ्या मुलीचा हात वर केला, टाळ्या झाल्या, पुढची जोडी रिंगमध्ये चढली. राऊंडनिहाय गुण आम्ही मागितले तर टेबलावरच्या माणसाने कागद उलटा करून ठेवला. त्याच्या वागण्यात उद्धटपणा नव्हता. मागणाऱ्याला कागद दाखवायचा असतो, ही गोष्टच त्याला कुणी सांगितलेली नव्हती. घरी येताना स्कूटरवर मागे बसलेली भाची म्हणाली, "मामा, मी हरली ते ठीक आहे. पण काऊन हरली हे कोणी सांगन का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही.

आपल्या राज्यात बारावीत एखाद्या मुलाला गणितात अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले तर तो मंडळाकडे उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागू शकतो. कोणत्या प्रश्नाला किती गुण दिले, कुठे कापले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करू शकतो. तपासलेली उत्तरपत्रिका ही विद्यार्थ्याला मिळायलाच हवी अशी माहिती आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं. तपासनिसाचा निर्णय बदलेलच असं नाही, बहुतेक वेळा बदलतही नाही. पण मुलगा कागद पाहतो आणि म्हणतो, हो, इथे माझं चुकलं. पहाटे पाचला उठून धावणाऱ्या, वजन राखण्यासाठी सणाच्या दिवशी पुरणपोळीकडे न बघणाऱ्या मुलीला एवढाही अधिकार का नसावा?

जामठ्याच्या मैदानावर क्रिकेटचा सामना असला की पायचीतचा निर्णय तिसऱ्या पंचाकडे जातो आणि त्या पंचाचं बोलणं आपल्याला ऐकू येतं. चेंडू बॅटला लागला का, कुठे टप्पा पडला, स्टंपला लागत होता का, हे तो एकेक करत मोठ्याने पाहतो. निर्णय आपल्या विरुद्ध गेला तरी हजारो माणसं कुरकुरत का होईना खाली बसतात, कारण तो कसा झाला हे त्यांनी ऐकलेलं असतं.

इथे कुणी म्हणेल की ऑलिम्पिकमध्ये तर आता राऊंडनंतर गुण पडद्यावर दाखवतात, मग आणखी काय हवं? हा आक्षेप खरा आहे आणि त्याने मला माझं म्हणणं सुधारून घ्यायला लावलं. टोकियोत 29 जुलै 2021 ला मेरी कोम कोलंबियाच्या इन्ग्रित व्हॅलेन्सियाकडून 3-2 ने हरली. पहिला राऊंड व्हॅलेन्सियाकडे 4-1 असा गेला होता. दुसरा मेरीने 3-2 घेतला, तिसराही 3-2. तीनपैकी दोन राऊंड जिंकून ती हरली. निकाल जाहीर झाला तेव्हाही आपणच जिंकलो असं तिला वाटत होतं. हरल्याचं तिला नंतर कळलं.

गणिताने पाहिलं तर त्या निकालात चूक नव्हती. निकाल राऊंड मोजून लागत नाही. प्रत्येक जज आपापल्या तीन राऊंडची बेरीज करतो आणि पाचपैकी किती जजांची बेरीज कुणाच्या बाजूने, यावर लागतो. पहिल्या राऊंडला चार जज एकीकडे गेले तो खड्डा पुढचे दोन राऊंड एकेका मताने जिंकून भरून निघाला नाही. हे मी इथे चार वाक्यांत सांगितलं. सहा वेळा जगज्जेत्या ठरलेल्या बाईला ते त्या हॉलमध्ये निकालाच्या क्षणी कुणी सांगितलं नाही. म्हणून नुसता आकडा पडद्यावर टाकणं पुरेसं नाही. समजावून सांगणं हे कुणाचं तरी काम असलं पाहिजे, त्याच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं.

ते काम कुणाचंच नसतं तेव्हा काय होतं, हे आपण 2014 मध्ये इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत पाहिलं. उपांत्य फेरीत सरिता देवीने कोरियाच्या पार्क जी-नाला चांगलं चोपलं असं बघणाऱ्या बहुतेकांचं मत होतं. निकाल पार्कच्या बाजूने लागला. निकालाविरुद्ध तक्रार नोंदवली गेली, ती फेटाळली गेली. पदक समारंभात रडत रडत सरिताने आपलं कांस्यपदक पार्कच्याच गळ्यात घातलं. त्याबद्दल तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. तिचं वागणं शिस्तीत बसत नव्हतं हे मान्य. पण शिस्तीत राहून दाद मागायची जागा होती कुठे? जी होती तिथे तर तिचा अर्ज परत आला होता.

महाराष्ट्रात हे चित्र आपल्याला कुस्तीतून जास्त ओळखीचं आहे. 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत खांदे टेकले की नाही यावरून वाद झाला आणि राक्षेने पंचाला लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन कुठल्याही कारणाने होऊ शकत नाही. पंच हा आखाड्यातला सगळ्यात एकटा माणूस असतो, त्याच्या अंगाला हात लागता कामा नये, आणि मी पंचांची जबाबदारी वाढवायला सांगतो आहे ती त्यांच्या संरक्षणासाठीसुद्धा. ज्याच्याकडे निर्णयाचं कारण नोंदवलेलं आहे त्याला गर्दीसमोर ते वाचून दाखवता येतं. ज्याच्याकडे फक्त वर केलेला हात आहे त्याच्यावर सगळा राग एकवटतो.

गुण उघडे ठेवण्याविरुद्ध जुना युक्तिवाद असा, की पुढे असलेला बॉक्सर मग लढायचं सोडतो आणि शेवटचे राऊंड पळत काढतो. डब्ल्यूबीसी या व्यावसायिक बॉक्सिंगच्या संघटनेच्या लढतींत चौथ्या आणि आठव्या राऊंडनंतर गुण जाहीर करण्याची पद्धत आहे आणि तिच्यावर हाच ठपका ठेवतात. पण 18 सप्टेंबर 1999 ला ऑस्कर डे ला होया फेलिक्स त्रिनिदादसमोर शेवटचे राऊंड कुणाचे गुण बघून पळत होता? गुण झाकलेलेच होते. आपण पुढे आहोत असा त्याचा आणि त्याच्या कोपऱ्याचा नुसता अंदाज होता. एका जजकडे बरोबरी निघाली, दोघांकडे त्रिनिदाद पुढे, आणि डे ला होया पहिल्यांदा हरला. पळणारा अंदाजानेही पळतोच. उलट गुण दिसले असते तर त्या रात्री शेवटचे तीन राऊंड तो लढला असता, आणि प्रेक्षकांना लढत मिळाली असती.

दुसरा आक्षेप मला जास्त अडवतो. मधल्या गुणांनी हॉल तापतो आणि त्याची धग जजला लागते. जिल्हा पातळीवर तर प्रेक्षक म्हणजे मुलांचे बाप, काका आणि वस्तीतली पोरं. माझ्या डोळ्यांसमोर तो हॉल आहे आणि याची मला खरंच काळजी वाटते. त्यामुळे लहान स्पर्धांत राऊंडमागे गुण ओरडून सांगावेत, असं मी म्हणणार नाही. तिथे ते फक्त दोन्ही कोपऱ्यांतल्या प्रशिक्षकांना कागदावर द्यावेत, आणि बाउट संपल्यावर भिंतीवर लावावेत. त्या मुलीला मिनिटभराच्या विश्रांतीत कळलं पाहिजे की ती मागे आहे. मागे आहोत हे माहीत नसताना हरणं आणि माहीत असून झुंजून हरणं, यांत फार अंतर आहे.

मग माणूसच काढून टाका, यंत्र बसवा, असं म्हणणारेही भेटतात. तरुण मुलं तर हटकून म्हणतात. नागपूरला याचं आकर्षण वाटणं मी समजू शकतो. जुलै 2025 मध्ये आपल्या दिव्या देशमुखने बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकला, तेव्हा कुणी जिंकलं हे पटानेच सांगितलं. बॉक्सिंगला असा पट नाही. आणि यंत्राचा प्रयोग होऊन गेला आहे. 1988 ला सोल ऑलिम्पिकमध्ये रॉय जोन्सने यजमान देशाच्या पार्क सी-हूनला 86 ठोसे मारले, 32 खाल्ले आणि 3-2 ने तो हरला. त्याच जोन्सला स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून करंडक दिला गेला. त्या लाजिरवाण्या निकालानंतर 1992 च्या बार्सिलोनापासून बटणं आली. ठोसा बसताना दिसला की दाबायचं, पाचपैकी तीन जजांनी साधारण एका सेकंदात दाबलं तर गुण. झालं काय, तर मुलं तलवारबाजीसारखी बॉक्सिंग खेळू लागली. लांबून एक स्वच्छ टपली, मागे सरक, पुन्हा टपली. पोटावर बसलेला खोल ठोसा, दोन-तीन ठोशांची साखळी, हे बटणात पकडलंच जात नव्हतं. वीसेक वर्षांनी ती पद्धत सोडून द्यावी लागली. डिसेंबर 2024 मध्ये उसिक आणि फ्युरी हे हेवीवेट बॉक्सर रियाधला दुसऱ्यांदा लढले तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा चौथा जज बसवला होता, त्याचे गुण निकालात धरले नाहीत. उद्या धरले, तरी भाचीचा प्रश्न तसाच राहील. 'काऊन हरली' याचं उत्तर यंत्राकडून मिळणार आहे का?

एक कबुली मात्र आपण सगळ्यांनी द्यायला हवी. हिशेबाची आठवण आपल्याला हरल्यावरच होते. सप्टेंबर 2025 मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत जैस्मिन लांबोरियाने 4-1 ने सोनं जिंकलं, मीनाक्षी हुड्डाने 4-1 ने. नूपुर श्योराण अंतिम लढत 3-2 ने हरली. नूपुरचा निकाल कसा लागला यावर आम्ही संध्याकाळभर बोललो. जैस्मिन आणि मीनाक्षीच्या विरोधात गेलेल्या त्या एकेका जजने काय पाहिलं, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. पोलंडच्या आणि कझाकस्तानच्या घरांत ते विचारलं गेलं असेल, आणि तिथल्या मुलींनाही उत्तर मिळायला हवं.

याच नागपूरच्या अल्फिया पठाणने मानकापूरच्या क्रीडा संकुलात घाम गाळून एप्रिल 2021 मध्ये पोलंडच्या किएल्त्सेत युवा जगज्जेतेपद आणलं. अंतिम लढत 5-0, वादाला जागाच नव्हती. पण प्रत्येक मुलीला 5-0 ने जिंकता येत नाही. तुल्यबळ दोघी समोरासमोर आल्या की 3-2 होणारच, आणि खेळ मोठा होतो तो अशाच लढतींनी. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग राहणार हे मार्च 2025 मध्ये नक्की झालं. तिथे कोणती पद्धत असावी हे नागपूरच्या हातात नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत काय करावं हे मात्र पूर्णपणे इथल्या लोकांच्या हातात आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. पाच छापील कागद लागतात. प्रत्येक राऊंडपुढे एक रिकामी ओळ, जिथे जजने चार शब्द लिहायचे: निळीचे जॅब जास्त बसले, किंवा लालने शेवटच्या मिनिटात कोंडलं. आणि एक ज्येष्ठ जज, ज्याने दिवसाच्या शेवटी तासभर टेबलावर थांबायचं. ज्या मुलाला किंवा मुलीला विचारायचं असेल त्याने यावं, कागद बघावा, मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत लावून बघावा. निकाल बदलणार नाही, हे आधीच सांगून ठेवावं. एवढ्यावर सुरुवात करायला कुठल्याही मंडळाची हरकत असू नये.

जजांचं काय, त्यांना हा जाच वाटेल का? त्या रविवारचंच सांगतो. चिठ्ठ्या उघडल्यावर सगळ्यात मोठा वाद झाला तो नवव्या राऊंडवर. हॅग्लरने लिओनार्डला कोपऱ्यात कोंडलं, लिओनार्ड दमलेला दिसत होता, आणि तिथूनच त्याने दोन्ही हातांनी ठोशांचा असा वर्षाव केला की पाहणारा खुर्चीतून उठावा. आम्ही चौघांनी तो राऊंड हॅग्लरला दिला होता. सरांनी एकट्यांनी लिओनार्डला. भाचीने त्यांच्यासमोर चिठ्ठी धरली आणि विचारलं, "सर, हा राऊंड तुम्ही लिओनार्डला काऊन दिला?"

पंचवीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा लावला आणि म्हणाले, "थांब, सांगतो. पण आधी नववा पुन्हा लाव. कोपऱ्यात गेल्यावर हॅग्लरचे किती ठोसे हातावर गेले, ते तू मोज."

तिने राऊंड मागे घेतला आणि वही उघडली.